‘कानडा’ या शब्दाचे नवल



अपरिचिताला नाव देण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. ‘नवल’ म्हटले की कौतुक येते. ‘विचित्र’ म्हटले की कपाळाला आठी पडते. संस्कृतात ‘विचित्र’ म्हणजे नानारंगी. ‘वैचित्र्य’ या शब्दात ती शोभा अद्याप टिकून आहे. परंतु बेंगळुरूच्या मराठी माणसाने विशेष जिव्हाळ्याने पाहावा, असा शब्द आहे ‘कानडा’.

जुन्या मराठीत त्याचे दोन अर्थ होते : कर्नाटकातला, आणि समजण्यास कठीण, अगम्य. शेजाऱ्याचे बोलणे उमगले नाही, म्हणून त्याच्या भाषेचे नावच दुर्बोधतेला मिळाले. ही खोड एकट्या मराठीची नव्हे. ग्रीकांच्या कानी परक्यांची भाषा ‘बर्‌बर्‌’ अशी पडली आणि परके ‘बार्बारोस’ ठरले. संस्कृतातील ‘म्लेच्छ’ शब्दाच्या मुळाशीही अस्पष्ट बोलणेच आहे. उणीव ऐकणाऱ्याच्या ज्ञानात असते. नाव मात्र बोलणाऱ्याला चिकटते.

तथापि ज्ञानदेवांच्या नावे गायिल्या जाणाऱ्या अभंगात हेच विशेषण विठ्ठलाला लागले आणि शब्दाचे सोने झाले. जो अगम्य, तोच सर्वांत जिवलग, हा भाव त्यातून प्रकटला.

कर्नाटकाच्या भूमीवरही या सख्याची साक्ष आहे. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या चरणांशी चामुंडरायाचे नाव कन्नड, तमिळ आणि मराठी या तिन्ही भाषांत कोरलेले आहे. मराठी घरात वाढलेले धारवाडचे द. रा. बेंद्रे कन्नडचे वरकवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकु तंति’ला लाभला. आपल्या ताटातले ‘तूप’ कन्नडच्या ‘तुप्प’चे सख्खे, ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ तर दोन्ही घरचे.

तरीही इथले मराठी मूल दोन्हीकडे थोडे ‘कानडे’च असते. पुण्यातल्या नातलगांना त्याचा हेल निराळा वाटतो. बेंगळुरूच्या गल्लीत त्याला गाव विचारले जाते. म्हणूनच पालकांच्या मनात शंका येते : मराठीत शिकलेले मूल या शहरात परके पडेल काय? परकेपण मराठी येण्याने येत नाही. शेजाऱ्याची भाषा न येण्याने येते. ज्या मुलाला मराठी आणि कन्नड दोन्ही येतात, त्याच्यापुरता ‘कानडा’ शब्दाचा दुसरा अर्थ संपतो आणि पहिला तेवढा उरतो. मराठी शाळेने साठ वर्षे एक दार उघडे ठेवले. दुसरे उघडे ठेवणे घराच्या हाती आहे.