खाडी आली, गाडी थांबली



मोटरसायकलवर एकट्यानं लांबचा पल्ला मारायचा म्हटलं, की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लडाख येतं, नाहीतर काश्मीर ते कन्याकुमारी. त्यात गैर काहीच नाही. पिंपरी-चिंचवडच्या रमिला ऊर्फ रमाबाई लटपटे तर 2023च्या मार्चमध्ये नऊवारी नेसून मोटरसायकलवर जगप्रवासाला निघाल्या. आपला राष्ट्रीय महामार्ग 44 श्रीनगरहून निघतो, वाटेत नागपूर, हिंगणघाट, पांढरकवडा घेतो आणि साधारण 3,700 किलोमीटरनंतर कन्याकुमारीला संपतो. मात्र एवढ्या लांबच्या रस्त्यावर एकटा माणूस कुणाशी धड चार वाक्यंही न बोलता जाऊ शकतो. पंपावर पेट्रोल, ढाब्यावर जेवण, लॉजवर झोप. मोटरसायकलला टोल नसल्यामुळे नाक्यावरसुद्धा कुणी अडवत नाही.

रायगडच्या किनाऱ्यावर हे जमत नाही. उरणजवळच्या करंजापासून हरिहरेश्वरापलीकडच्या बागमांडल्यापर्यंतचं अंतर नकाशात बोटभर दिसतं. पण धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट अशा चार खाड्या जमिनीत आत घुसल्या आहेत. कुंडलिकेवर रेवदंडा आणि साळाव यांच्यामध्ये पूल आहे. बाकी तीन ठिकाणी मुखाशी आलेला रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो.

करंजाहून रेवसला येणारी तर, म्हणजे होडीच घ्या. दीडशे किलोची गाडी. धक्का आणि होडी यांच्यामध्ये कधी फळी असते, कधी नुसतीच फट. तरीवरचे दोघं पुढचं चाक धरतात, मागून एखादा उतारू हातातली पिशवी खाली ठेवून कॅरिअरला हात लावतो, कुणीतरी "हां, उचला" म्हणतं आणि एका हिसक्यात गाडी आत. भलेही तुम्ही आख्खा देश एकट्यानं पालथा घातलेला असो, इथे गाडी एकट्यानं चढत नाही. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो आहे. गाडी चढवा, खुर्चीत बसून चहा प्या, उतरा. सोय चांगलीच आहे, पण तिथं कुणाशी ओळख होत नाही.

रेवसपासून थेट सिंधुदुर्गातल्या रेड्डीपर्यंत सागरी महामार्ग करायचा, ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. ते आंबेतचे, म्हणजे सावित्रीच्या खाडीकाठचेच. पाणी आडवं आलं की गावाचं काय होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. 1981मध्ये कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तोही तेच मुख्यमंत्री असताना. महामार्ग मात्र तुकड्यातुकड्यांनी होत राहिला. एक तुकडा गुळगुळीत, पुढचा गावातल्या माडा-पोफळींमधून जाणारा, समोरून एसटी आली की गडग्याला चिकटून उभं राहायचं.

साळाव ओलांडलं की कोर्लई. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली बोली अजून बोलली जाते. काशिदला शनिवार-रविवारी थांबू नये, एवढंच सांगतो. मुरूडनंतर राजपुरीला जंजिरा समोर दिसतो. थोडं पुढे आगरदांडा, आणि तिथून पलीकडे दिघीला जाणारी फेरीबोट, जिला इथे सगळे जंगलजेट्टी म्हणतात. तिच्यात गाडी उतारावरून थेट पोटात जाते, उचलाउचल नाही. पण ओहोटीला उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि तो शेवाळलेला असतो. तिथं पुढचा ब्रेक दाबलात की आडवे झालातच. बोटीवरचा पोरगा ओरडून सांगतो, "पाय टेकवत या, ब्रेक नको!" आत गेल्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टँडवर लावायची आणि पलीकडे लागेपर्यंत तिच्याजवळच उभं राहायचं.

किनाऱ्यावर भरतीचं एक जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. मिनिटाचा हिशेब यात नाही, पण उतार कोरडा मिळणार की निसरडा, एवढं त्यातून कळतं. मोबाइलच्या नकाशात गर्दी दिसते, खाडीचं पाणी किती आहे ते दिसत नाही. त्यामुळे निघण्याचा दिवस मी कालनिर्णय बघून ठरवतो आणि घरच्यांना वाटतं, मुहूर्त पाहतोय.

दिघीपासून पुढे दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन. शेखाडीजवळ रस्ता इतका समुद्रालगत जातो की वाऱ्याच्या दिवसांत हेल्मेटच्या काचेवर मिठाचा थर बसतो. डावीकडे डोंगर, उजवीकडे खडक. दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्यांमधली सुपारी म्हणजे प्रसिद्ध श्रीवर्धनी रोठा. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आलं आणि पिढ्यांनी वाढवलेल्या पोफळी काही तासांत मोडून पडल्या. पोफळ लावल्यापासून पीक देईपर्यंत काही वर्षं जातात, त्यामुळे वाड्यांमध्ये जुन्या उंच झाडांच्या मधोमध एकदम बुटकी लागवड दिसते. कोण किती वर्षांचं, ते चालत्या गाडीवरूनही ओळखू येतं.

एकटा स्वार दिसला की या भागात एक प्रश्न ठरलेला असतो: "एकटेच?" मग कुठून आलात, घरी कोण कोण, जेवलात का. सुरुवातीला मला ती नसती चौकशी वाटायची. पण पुढची फेरी किती वाजता, वेळासच्या वाटेवर खडी पडलीय का, कुणाकडे जेवण मिळेल, या सगळ्याची उत्तरं त्याच बोलण्यातून निघतात.

आता पूल होणार आहेत. रेवस-करंजा पुलाचं काम हाती घेतलं आहे. मोटरसायकलवाले हळहळतात, की गंमत गेली. मला ते पटत नाही. शेवटची फेरी सुटल्यानंतर दिघीत एखादी बाई अडली, तर म्हसळ्यावरून वळसा घालून न्यावं लागतं. आमची गंमत त्या घरानं का सोसावी? पूल लवकर व्हावेत.

तोवर जाणार असाल, तर टाकी श्रीवर्धनला भरून घ्या. बागमांडल्याला शेवटची फेरी कधी, ते हरिहरेश्वरलाच विचारा, पलीकडे वेश्वी म्हणजे रत्नागिरी जिल्हा लागतो. आणि घरी आल्यावर कितीही दमलात, तरी त्याच रात्री चेन गोड्या पाण्यानं धुऊन तिला तेल द्या. खारी हवा सकाळपर्यंत थांबत नाही.