कापड म्हणावे की प्लास्टिक?

घरातील कोच, रिक्षाची बैठक, दवाखान्यातील तपासणीचे मेज, मुलांचे दप्तर, मालमोटारीवरचे आच्छादन, या सर्वांवर आपला हात रोज फिरत असतो. वरून पाहावे तर प्लास्टिक, उलटून पाहावे तर कापड! बाजारात अशा मालाला आपण सरसकट ‘रेक्झीन’ म्हणून मोकळे होतो. हे नावही मूळचे एका व्यापारी छापाचे. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाईड गावी सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप चढवून व चामड्यासारखे ठसे उमटवून जो माल तयार होई, त्याचे ते नाव. पुढे लेप बदलले. पीव्हीसी आले, पॉलियुरेथेन आले. नाव मात्र आपल्याकडे तेच राहिले. दुकानदाराचे त्यावाचून काही अडत नाही. परंतु हाच माल परदेशातून न्हावाशेवा बंदरात उतरला, की प्रश्न उभा राहतो : याला कापड म्हणावे की प्लास्टिक? या उत्तरावर जकातीचा दर अवलंबून असल्यामुळे हा नुसता शब्दांचा खेळ उरत नाही.

हा निर्णय कोणत्या ग्रंथाच्या आधारे होतो, हे आधी पाहू. आज जागतिक सीमाशुल्क संघटना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, ब्रुसेल्स येथील संस्थेने १९८३ साली सर्व राष्ट्रांसाठी एक समान वस्तुनामावली सिद्ध केली. ती १ जानेवारी १९८८ पासून अमलात आली. भारताने त्यापूर्वीच, २८ फेब्रुवारी १९८६ पासून, आपले जकातपत्रक तिच्या धर्तीवर बेतून घेतले होते. या नामावलीत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो. त्याचे पहिले सहा आकडे जगभर सारखे. भारतात त्यांना आणखी दोन जोडून आठ आकडे होतात. प्रकरण ३९ प्लास्टिकचे, तर ५० ते ६३ ही प्रकरणे धाग्यांची, कापडांची व कपड्यांची. प्लास्टिकचा लेप दिलेले, प्लास्टिक मुरवलेले अथवा प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेले कापड यांच्यासाठी प्रकरण ५९ मध्ये ५९०३ हे शीर्षक राखून ठेवलेले आहे. त्यातही पीव्हीसीचे कापड वेगळे, पॉलियुरेथेनचे वेगळे आणि बाकीचे वेगळे.

वर्गवारीचा पहिलाच नियम असा की, प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात; निर्णय शीर्षकातील शब्द आणि प्रकरणाच्या टिपा यांवरून करावयाचा. तेव्हा बीजकावर ‘रेक्झीन’ लिहिले काय किंवा ‘कृत्रिम चामडे’ लिहिले काय, त्याने काही सिद्ध होत नाही. खरे मर्म आहे ते प्रकरण ५९ च्या दुसऱ्या टिपेत.

ही टीप मोठी व्यवहारी आहे. तिची पहिली कसोटी डोळ्याची. कापडावरचा लेप नुसत्या डोळ्यांना दिसला पाहिजे. लेपामुळे रंग पालटला असेल, तर तो पालट हिशेबात घ्यावयाचा नाही. लेप दिसत नसेल, तर माल बहुधा साध्या कापडाच्या प्रकरणात परत जातो. दुसरी कसोटी हाताची. १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती तो माल हाताने वाकवून पाहावा. मोडला, तर तो कापड नव्हे. त्याची जागा बहुधा प्लास्टिकमध्ये. तिसरी कसोटी दोन्ही बाजूंची. कापड प्लास्टिकमध्ये संपूर्ण बुडून गेले असेल, किंवा त्याच्या दोन्ही अंगांवर दिसण्याजोगा सलग लेप असेल, तर तो माल प्रकरण ३९ मध्ये जातो. मात्र प्लास्टिकचा स्वतंत्र पापुद्रा कापडाला चिकटवलेला असेल, तर तो काटछेदात डोळ्यांना दिसो वा न दिसो, ते ‘पापुद्रा चिकटवलेले कापड’च होय, असा खुलासा १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने केला आहे.

सर्वांत अधिक वाद होतो तो फुगीर, सच्छिद्र प्लास्टिकाच्या मालासंबंधी. जोडे, पिशव्या व गाद्या यांसाठी येणारे मऊ कृत्रिम चामडे पुष्कळदा याच जातीचे असते. येथे पाठीमागचे कापड केवळ आधारापुरते असेल, तर माल प्लास्टिकचा ठरतो. पण ‘केवळ आधारापुरते’ म्हणजे काय? नामावलीच्या स्पष्टीकरणात त्याचे उत्तर आहे. एकाच बाजूला लावलेले कापड बिननक्षीचे, कोरे, विरंजित किंवा एकरंगी असेल, तर ते आधारापुरते समजावे. त्यावर नक्षी असेल, छपाई असेल किंवा घासून लव उठवलेली असेल, तर ते आधारापलीकडचे. म्हणजे ग्राहक ज्या बाजूकडे ढुंकूनही पाहत नाही, तीच बाजू मालाचे प्रकरण ठरवते!

ही सूक्ष्मता केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत कॅले नावाच्या कंपनीने सॉसेजसाठी कापडी वेष्टणे आयात केली होती. त्यांच्या एका अंगावर प्लास्टिकचा लेप होता. कापड प्लास्टिकमध्ये ‘संपूर्ण बुडालेले’ आहे, असे कंपनीचे म्हणणे. २०१९ साली तेथील अपील न्यायालयाने ते मान्य केले नाही. ‘संपूर्ण’ या शब्दाला अर्थ आहे. दुसरी बाजू उघडी असताना कापड बुडाले असे म्हणता येणार नाही, आणि म्हणून ती वेष्टणे कापडाच्याच वर्गात राहिली.

आता यात कोणाचे काय पणाला लागते ते पाहा. २०२४ च्या जुलैमधील अर्थसंकल्पात पीव्हीसीच्या फ्लेक्स फलकांवरील मूळ जकात १० टक्क्यांवरून २५ टक्के करण्यात आली. दर असे अर्थसंकल्पागणिक हलतात; त्यामुळे काल निरुपद्रवी वाटणारा क्रमांक उद्या महाग पडू शकतो. दप्तरे शिवणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराने स्वतः माल आणविला, जकात भरली, दप्तरे विकली. नंतर वर्गवारी चुकली म्हणून फरकाची मागणी आली, तर तो फरक विकलेल्या दप्तराच्या किमतीत घालता येत नाही. अशी मागणी सामान्यतः दोन वर्षांपर्यंत, आणि हेतुतः माहिती दडवली असेल तर पाच वर्षांपर्यंत करता येते. उलट, खोट्या क्रमांकाखाली माल स्वस्तात सुटला, तर येथे कापडावर लेप चढवणारा कारखाना आणि खरी जकात भरणारा व्यापारी, दोघेही नाडले जातात.

यास्तव नियमकर्त्यांनी कसोट्या डोळ्याच्या आणि हाताच्या ठेवल्या, यातले शहाणपण ओळखले पाहिजे. आपल्याला किती कर भरावयाचा हे माल मागविण्यापूर्वीच सामान्य व्यापाऱ्याला कळावे, हा त्यामागील न्याय आहे. प्रयोगशाळेने धागा कोणता व लेप कशाचा, हे अवश्य सांगावे. पण जेथे टीप ‘नुसत्या डोळ्यांनी’ म्हणते, तेथे सूक्ष्मदर्शकाचा निवाडा चालणार नाही. आणि अधिकाऱ्याला दुसरे शीर्षक लावावयाचे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थान फेरोडो प्रकरणात सांगितलेले आहे.

व्यापाऱ्याचेही कर्तव्य आहेच. २०११ पासून जकातीची प्राथमिक आकारणी आयातदाराने स्वतः करावयाची असते. तेव्हा मागणी नोंदवण्यापूर्वी नमुना मागवावा, दोन्ही बाजू पाहाव्यात, प्लास्टिक सलग आहे की सच्छिद्र, हे उत्पादकाकडून लिहून घ्यावे. शंका राहिलीच, तर मुंबई आणि दिल्ली येथे अग्रिम निर्णय देणारी प्राधिकरणे आहेत. त्यांच्याकडून माल येण्यापूर्वीच उत्तर मिळवता येते. माल बंदरात अडकून पडल्यावर वाद घालण्यापेक्षा कापडाची पाठ आधीच उलटून पाहणे केव्हाही स्वस्त पडते.