शाळेच्या प्रार्थनेतला पावा

आम्ही यंत्रमाग कामगारांत वावरलेले. संगीत शिकलो ते ऐकून. तरी प्रार्थनेला मुलांनी पाव्यावर कोणती चाल वाजवावी, यावर बोलण्याचे धाडस करतो. एका शाळेत आम्ही पाहिले, चाल वरच्या सप्तकात चढली आणि मागची मुले पावा ओठाला लावून नुसती उभी राहिली.

पाव्याला भोके सहा. वरचे स्वर जोराच्या फुंकरीने निघतात. कोमल स्वराला भोक अर्धे झाकावे लागते. चिमुकल्या बोटांना ते कसे साधावे? म्हणून चाल एका सप्तकातली, ओळ एका श्वासाची घ्यावी. भूपाचे सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर पुष्कळ झाले.

कोणी म्हणेल, यात संगीताचा दर्जा घसरतो. आपल्या तालुक्यातल्या इचलकरंजीचे नाव लावणाऱ्या बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते गाणे सामान्य घरांत पोचावे म्हणूनच ना?

मोर्चाची घोषणा ठरवताना आम्ही शेवटच्या रांगेतल्या माणसाचा दम पाहतो. गुरुजनांनीही चाल ठरवण्यापूर्वी मागच्या रांगेतल्या मुलाकडून ती एकदा वाजवून घ्यावी, एवढीच आमची विनंती.