चुकीचे मूळ मातृभाषेत शोधावे



शांघायमधील एखाद्या कंपनीतला तरुण अभियंता डोळ्यांसमोर आणावा. परदेशी ग्राहकाने त्याला विचारले आहे, "हॅवन्ट यू रिसीव्ड अवर पेमेंट?" पैसे आलेले नाहीत, म्हणून तो उत्तर लिहितो, "येस." ग्राहक म्हणतो तसेच आहे, पैसे मिळालेले नाहीत, हा त्याच्या मनातला अर्थ. ग्राहक मात्र पैसे पोहोचले असे समजून निश्चिंत होतो. एका शब्दापायी व्यवहार अडतो आणि ठपका येतो तो त्या तरुणाच्या बुद्धीवर.

वस्तुतः ही चूक बुद्धीची नव्हे. नकारार्थी प्रश्नाला उत्तर देताना चिनी माणूस विचारणाऱ्याच्या विधानाला होकार देतो. इंग्रजी माणूस वस्तुस्थिती पाहतो. मराठी माणूसही "पत्र मिळाले नाही का?" या प्रश्नावर "हो, नाही मिळाले" असे सहज म्हणून जातो. म्हणजे हा खळगा त्याच्याही वाटेत आहेच.

चीनमध्ये इंग्रजीचे शिक्षण कमी होते असे नाही. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची राष्ट्रीय इंग्रजी परीक्षा तेथे १९८७ पासून घेतली जाते. २००१ मध्ये तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले. तरीही शब्द पाठ असलेला, परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण कचेरीतले पत्र लिहिताना अडखळतो. कारण वाक्याचा साचा मातृभाषेचाच असतो.

चिनी क्रियापद काळानुसार बदलत नाही. 'काल', 'उद्या' हे शब्द, किंवा क्रिया पुरी झाल्याचे सांगणारा 'ल' हा छोटा शब्द, एवढ्यावर तेथे काम भागते. त्यामुळे "वुई सेंड द पार्ट्स" एवढेच लिहिले जाते आणि माल गेला की जायचा आहे, हे ग्राहकाला उमगत नाही. संख्या सांगितली की नामाला अनेकवचनाचे रूप लागत नाही, म्हणून 'थ्री मशीन'. बोलताना तो, ती आणि ते या तिघांसाठी 'था' हा एकच उच्चार, म्हणून अधिकारी बाईंचा उल्लेख नकळत 'ही' असा होतो. तो-ती-ते यांत वाढलेल्या मराठी मुलाकडून ही चूक सहसा होत नाही. मात्र 'अ' आणि 'द' ही उपपदे चिनीत नाहीत तशी मराठीतही नाहीत. 'जरी' आला की 'तरी' हवाच, ही सवय दोन्ही भाषांत आहे. म्हणून 'ऑल्दो' नंतर 'बट' लिहिणारे दोन्हीकडे भेटतात.

शब्दसंग्रहाचेही तसेच. चिनीत 'खाय' म्हणजे उघडणे. दिवा लावणे, मोटार चालवणे, सभा घेणे या तिन्ही क्रियांना हाच शब्द चालतो. म्हणून दिवा लावायचा असता चिनी माणूस 'ओपन द लाइट' म्हणतो. मराठीत चित्र काढतात, पैसे काढतात आणि रजाही काढतात. इंग्रजीत प्रत्येकाला निराळे क्रियापद लागते. तेव्हा शब्द एकटा पाठ करू नये, त्याच्या सोबत्यासह करावा: 'मीटिंग' नव्हे, 'होल्ड अ मीटिंग', 'डेडलाइन' नव्हे, 'मीट अ डेडलाइन'.

उपाय साधे आहेत. त्या अभियंत्याने आपली मागची दहा पत्रे जाणकाराकडून तपासून घ्यावीत आणि चुकांची वर्गवारी करावी. बहुतेक चुका चार-पाच प्रकारांतच मोडतात असे त्याला दिसून येईल. पुढे प्रत्येक पत्र धाडण्यापूर्वी ते तीनदा वाचावे: एकदा केवळ क्रियापदांसाठी, एकदा वचनासाठी, एकदा उपपदांसाठी. नकारार्थी प्रश्नाला 'येस' वा 'नो' वर सोडू नये, पूर्ण वाक्य लिहावे: "वुई हॅव नॉट रिसीव्ड इट येट." मग गैरसमजाला जागा उरत नाही.

मात्र हे सारे साधायचे तर आपली भाषा कशी चालते हे ठाऊक हवे. फ्रान्समध्ये शिकलेल्या मा च्येनचुंग यांनी लॅटिन व्याकरण समोर ठेवून १८९८ मध्ये चिनी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. मराठीत दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ सालचे. त्यांनाही इंग्रजी व्याकरणाचा परिचय होता. दोन भाषा शेजारी ठेवल्या की दोन्ही अधिक स्पष्ट दिसतात.

पालकहो, महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानी घरी एक भाषा पडते, रस्त्यावर दुसरी, आणि पुढे नोकरीत तिसरी त्याची वाट पाहत असते. इंग्रजीत तो चुकला की मराठी माध्यमाला बोल लावण्याची घाई होते. त्याऐवजी त्याला विचारावे, "हेच मराठीत कसे म्हणशील?" उत्तर देता देता चूक कोठून आली हे त्याचे त्यालाच दिसेल. ज्याला स्वतःच्या चुकीचे कारण कळले, तो ती लपवत नाही, दुरुस्त करतो. एवढा आत्मविश्वास घेऊन प्रत्येक मूल शाळेच्या दारातून बाहेर पडावे.