धावणाऱ्या लेकी आणि आपला बचत गट

शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या सगळ्या तायांनो, वहिनींनो आणि आज्यांनो, भाकरी थापता थापता ऐकत असाल तरी चालेल. आज हप्ता-व्याजाचं बोलायचं नाही. आज बोलायचंय खेळाबद्दल.

क्रिकेटची मॅच असली की पाड्यावर एकेका मोबाईलभोवती दहा डोकी जमतात. जमू देत. पण १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक आहे? कर्णधार होती आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. खेळ कोणता, तर शाळेच्या अंगणात आपण सगळ्या खेळलोय तोच.

आता कसारा घाट चढून वर चला. नाशिक जिल्ह्यात हरसूलजवळ सावरपाडा म्हणून आदिवासी पाडा आहे. तिथली कविता राऊत. लहानपणी पाण्यासाठी पायपीट केलेली, अनवाणी धावलेली मुलगी. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ती दहा हजार मीटर धावली. म्हणजे मैदानाला २५ फेऱ्या, साधारण ३३ मिनिटांत. तिला कांस्यपदक मिळालं. राष्ट्रकुलमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१२ ला अर्जुन पुरस्कार आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन.

दुसरी ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं मोही हे तिचं गाव. तिची शर्यत स्टीपलचेस. तीन हजार मीटर धावायचं, वाटेत अडीच फुटी आडवे अडथळे २८ वेळा ओलांडायचे आणि सात वेळा पाण्यावरून उडी मारायची. रिओला ती अंतिम फेरीत पोहोचली आणि दहावी आली. पदक नाही मिळालं. पण १९८४ साली पी. टी. उषा धावली, त्यानंतर ३२ वर्षांनी धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पात्रता फेरी पार करून ऑलिंपिक अंतिम फेरीत भारताची बाई उभी राहिली. जगात दहावी! मला तर त्या दहाव्या नंबराचाही अभिमान वाटतो.

लोक म्हणतात, पाणी वाहून वाहूनच कविता काटक झाली. बायांनो, हे मला अर्धंच पटतं. भातसा, तानसा, वैतरणा आपल्या उशाला, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात आपल्या पाड्यांवर टँकरची वाट. हंडे तर आपल्या सगळ्याच पोरी वाहतात. मग त्या सगळ्या का नाही पोहोचल्या? कारण डोक्यावरचा हंडा कुणीतरी उतरवून घ्यावा लागतो. कविताला नाशिकला प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्याकडे सराव करता आला. घरातून पाऊल बाहेर पडलं म्हणून पुढचं सगळं घडलं.

आमच्या एका गटातल्या ताईची मुलगी तालुक्याला धावण्यात पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी घरी भातकापणी होती. ती शेतावर गेली. कुणाला दोष देऊ? त्या घरात माणसंच कमी. पण दहा जणींचा गट होता की! एकेकीनं तासभर विळा धरला असता, तरी तिची पात निघाली असती.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एक विषय घ्या. आपल्या दहा घरांत कुठली मुलगी धावते, कबड्डी खेळते, तिरकमठा चांगला मारते, तिचं नाव काढा. स्पर्धेच्या दिवशी तिच्या घरचं काम कोण करणार, ते ठरवा. तिच्याबरोबर एसटीनं जाणारी एक बाई ठरवा, म्हणजे घरच्यांचा घोर कमी होईल. शेळीसाठी, बियाण्यासाठी, दुखण्यासाठी आपण गटातून अंतर्गत कर्ज देतो. एखादीला बुटांसाठी दिलं, तर आपली वही काही बाटणार नाही. आणि न्हाण आलं की खेळ बंद, ही रीत आपणच मोडायची आहे. सासूबाईंनो, तुमचा शब्द घरात चालतो. तो नातीच्या बाजूनं टाका.

झेंडावंदनाला आपण उभ्या राहतो, ऊर भरून येतो, ते खरंच आहे. पण परदेशात तो झेंडा वर चढतो तेव्हा त्याखाली कुणाची तरी लेक उभी असते. आपल्याकडची एखादी तिथवर जाईल, न जाईल. निदान जिल्ह्यापर्यंत तिला आपण पोहोचवू. एवढं तर आपल्या हातात आहे.

ठराव झाला की वहीत लिहा आणि आम्हाला कळवा.