टॅक्टिकल फोल्डिंग चाकू: भारी कोणता अन् भरवशाचा कोणता?

परभणीहून बोलतोय. कुणी एसटीच्या खिडकीपाशी बसून ऐकत असेल, कुणी रात्री मोटार चालू करायला शेतात गेलं असेल. जिथं असाल तिथं, आवाज थोडा वाढवा. आजचा विषय धारदार आहे.

गेल्या काही दिवसांत जिंतूर, मानवत, गंगाखेड सगळीकडून एकच मेसेज यायलाय. "दादा, सगळ्यात भारी टॅक्टिकल फोल्डिंग चाकू कोणता? लिंक टाका." लिंक मी टाकणार नाही, ते आधीच सांगतो. पण चाकू कसा पारखायचा ते आज नीट सांगतो. अन् तुमच्यातल्या काही जणांनी त्याच मेसेजमध्ये पुढं लिहिलंय, "सेफ्टीसाठी पाहिजे, सोबत ठेवायला." त्यावरही बोलणार आहे, स्पष्ट बोलणार आहे.

आपल्याकडं म्हणतात ना, जगात जर्मनी अन् भारतात परभणी. चाकूच्या बाबतीत त्यातलं अर्धं तर खरंच आहे. जर्मनीत झोलिंगेन नावाचं गाव आहे, कित्येक शतकांपासून पात्यांसाठी प्रसिद्ध. त्या गावाचं नाव पात्यावर कुणी छापायचं याला तिथं १९३८ पासून कायदा आहे. म्हणजे गावाचं नाव हीच गॅरंटी. आता 'टॅक्टिकल' या शब्दाचं बघा. त्याला अशी कुठलीही गॅरंटी नाही. हा शब्द लष्कर, पोलीस यांच्या सामानावरून आला, पण तो डब्यावर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. दीडशे रुपयांच्या चाकूवरही तो असतो.

साधारण चार गोष्टी असल्या की लोक चाकूला टॅक्टिकल म्हणतात. एका हातानं उघडतो, उघडल्यावर लॉक होतो, खिशाला अडकवायला क्लिप असते, अन् रंग काळा. यातल्या पहिल्या तीन कामाच्या आहेत. चौथी फोटोसाठी.

आमच्या चहाच्या टपरीवर या विषयावर तीन गट आहेत. तिघांचंही म्हणणं सांगतो, मग माझं.

पहिला गट म्हणजे एका हातानं उघडणाऱ्या चाकूवाला. आमच्या ग्रुपमधला पूर्णेकडचा एक शेतकरी मित्र या गटाचा. त्याचं म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. त्याच्याकडं एकदा बैलाच्या गळ्याभोवती कासरा गुंतला. बैल ओढ खायला लागला, फास आवळत गेला. अशा वेळी एक हात जनावराला धरायला लागतो. तो म्हणतो, "दुसऱ्या हातानं चाकू उघडला अन् कासरा कापला. दोन्ही हातांनी नखानं पातं ओढत बसलो असतो तर बैल गेला असता." याला तुम्ही शायनिंग म्हणू शकत नाही. पात्याला गोल भोक पाडून ते अंगठ्यानं उघडायची पद्धत अमेरिकेतल्या स्पायडर्को कंपनीनं १९८१ मध्ये आणली. आज बाजारातल्या बऱ्याच चाकूंना एका हातानं उघडण्यासाठी काहीतरी असतंच. भोक असेल, बटण असेल, नाहीतर पाठीमागं छोटा कान असेल.

दुसरा गट म्हणतो, साधा चाकू बास. या गटात नर्सरीत काम करणारा आमचा दोस्त आहे. दिवसभर मोसंबीचे डोळे भरतो. त्याच्या खिशात कलम बांधायचा छोटा घडीचा चाकू असतो. तो म्हणतो, मला दाढीच्या ब्लेडसारखी धार पाहिजे, पातळ पातं पाहिजे. तुमच्या त्या जाड काळ्या पात्यानं सालीचा चोथा होतो. या गटाचे दोन देव आहेत. एक फ्रान्सचा ओपिनेल. १८९० पासूनचा, लाकडी मूठ, एक पातं, बाकी काही नाही. १९५५ मध्ये त्याला फिरवायची लोखंडी कडी आली. पातं उघडलं की कडी फिरवायची, झालं लॉक. दुसरा देव म्हणजे स्वित्झर्लंडचा लाल चाकू. कार्ल एल्सनर यांनी १८९७ मध्ये त्याचं डिझाइन नोंदवलं, तीच पुढची व्हिक्टोरिनॉक्स.

तिसरा गट म्हणतो, फोल्डिंगच कशाला? त्यांच्या मते गावातल्या लोहाराकडं जा, गाडीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा द्या, तो पातं ठोकून, पाणी देऊन आणून देतो. बिजागरी नाही, स्क्रू नाही, लॉक नाही. जे नाहीच ते मोडणार कुठून? मजबुतीच्या बाबतीत या गटाला मी हरवू शकत नाही. कुठलाही फोल्डिंग चाकू म्हणजे मुळात मधून मोडलेला चाकू. त्या मोडलेल्या जागी आपण एक जोड बसवलेला असतो. घरी, शेतात काम करायला लोहाराचं पातं उत्तम. फक्त ते खिशात घेऊन फिरता येत नाही.

आता मूळ मुद्दा. फोल्डिंग चाकूचा भरवसा म्हणजे त्या जोडाचा भरवसा. पातं किती काळं, किती लांब, याला महत्त्व नाही. जोर लावल्यावर ते तुमच्या बोटांवर मिटतं का, याला आहे.

लॉकचे मुख्य प्रकार समजून घ्या, फार अवघड नाहीत.

एक, लॉकच नसणं. लाल स्विस चाकूचे छोटे मॉडेल असेच असतात. स्प्रिंगचा दाब पातं धरून ठेवतो. फळ कापायला ठीक. टोकानं भोक पाडायला गेलात की पातं मिटू शकतं.

दोन, बॅक लॉक. मुठीच्या पाठीवर एक दांडी असते, ती पात्याच्या खाचेत बसते. १९६४ मध्ये आलेल्या अमेरिकेच्या बक ११० या चाकूनं हा प्रकार घरोघरी नेला. मजबूत आहे, पण मिटताना सहसा दोन हात लागतात.

तीन, लायनर लॉक. मुठीच्या आत पातळ पत्रा असतो. पातं उघडलं की तो पत्रा सरकून पात्याच्या मागं उभा राहतो. आजचं याचं रूप मायकल वॉकर या कारागिरानं १९८० च्या दशकात बसवलं. स्वस्त चाकूंत बहुतेक हेच लॉक असतं.

चार, फ्रेम लॉक. तत्त्व तेच, पण पातळ पत्र्याऐवजी मुठीची एक जाड बाजूच पात्यामागं येते. हे क्रिस रीव्ह यांचं काम. त्यांच्या त्या प्रसिद्ध चाकूची किंमत एका चांगल्या मोबाइलएवढी असते. त्याचं नाव सेबेंझा. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ आहे 'काम'. जगभरचे शौकीन ज्याला डोक्यावर घेतात, त्याच्या नावात ना लढाई आहे ना कमांडो.

आता परभणीचा हिशोब लावा. आपला जिल्हा कापसाचा. खिशात कापसाचे तंतू, धागे, चुरा. जमीन काळी, चिकट. वाळली की बारीक भुकटी. हे सगळं चाकूच्या फटीत जातं. लायनर लॉकचा पत्रा पूर्ण सरकायला जागा मोकळी लागते. तिथं कापूस बसला की पत्रा अर्धवट टेकतो, अन् तुम्हाला वाटतं लॉक झालं. माझ्या ओळखीच्या एका पोराचं असंच झालं. ऑनलाइन घेतलेला स्वस्त कॉपी चाकू, ठिबकची नळी कापताना जोर दिला, पत्रा सटकला अन् पातं तर्जनीवर मिटलं. टाके पडले. बोट वाचलं, पण ते आता पूर्ण मिटत नाही. पोरगा मोटार वायंडिंगचं काम शिकत होता. बारीक तार धरायची म्हटलं की त्याला आजही त्रास होतो.

ओपिनेललाही आपल्या हवेत एक खोड आहे. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते अन् पातं इतकं घट्ट होतं की उघडता उघडत नाही. कोरड्या जागी ठेवलं की परत मोकळं होतं.

पोलादाचं थोडक्यात सांगतो. जाहिरातीत आकडे बघून गोंधळू नका. कडक पोलाद धार जास्त दिवस धरतं, पण दगडावर लावायला जीव जातो अन् आडवा जोर दिला तर तुकडा उडतो. मऊ पोलाद लवकर बोथट होतं, पण घरच्या दगडावर पाच मिनिटांत परत तयार. डी-टू नावाचं पोलाद सध्या फार चालतं. त्यात साधारण १२ टक्के क्रोमियम असतं तरी ते पूर्ण गंजरोधक नाही, कारण त्यातलं बरंच क्रोमियम कार्बनशी बांधलेलं असतं. उन्हाळ्यात आपल्याकडं घामानं शर्ट भिजतो, तो घाम खिशातल्या चाकूला लागतो. लिंबू, ऊस, कैरी कापून तसंच मिटवलं तर डाग पडणारच. पुसायचं, खोबरेल तेलाचा थेंब द्यायचा.

मग दुकानात काय बघायचं? हे लिहून ठेवा.

पातं उघडा अन् मुठीला धरून डावीकडं-उजवीकडं हलवून बघा. खडखड आली तर स्क्रू आवळून बघा. आवळूनही हलतंय तर ठेवून द्या.

लॉक पात्यामागं कुठपर्यंत येतं ते बघा. नुसत्या काठावर टेकलेला पत्रा नको, पात्याच्या मागच्या बाजूचा तिसरा हिस्सा तरी त्यानं धरलेला पाहिजे.

मग पात्याची पाठ लाकडी टेबलाच्या कडेला टेकवा अन् हातानं हळूहळू दाब द्या. आपटायचं नाही. अन् महत्त्वाचं, पातं मिटलं तर बोटं त्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरा. लॉक थोडं जरी सरकलं तरी तो चाकू नको.

शेवटचं, तो खोलून साफ करता येतो का? स्क्रूनं जोडलेला असेल तर उत्तम. महिन्यातून एकदा फुंकर मारायची, जुन्या टूथब्रशनं कापूस काढायचा.

माझा कौल विचाराल तर शेतात, गॅरेजमध्ये, एका हाताचं काम पडणाऱ्याला चांगल्या कंपनीचा फ्रेम लॉक नाहीतर बॅक लॉक, पातं तीन इंचांच्या आसपास. घरी, प्रवासात, डबा खाताना लॉकवाला ओपिनेल किंवा स्विस चाकू. पैसे कमी असतील तर स्वस्त टॅक्टिकल घेऊच नका. तेवढ्याच पैशात साधा चांगला चाकू येतो.

आता 'सेफ्टी'चं. पोरांनो, नीट ऐका.

खिशात चाकू असला की माणूस भांडणातून निघून जायच्या ऐवजी थांबतो. समोरच्याच्या हातात तुमचाच चाकू जाऊ शकतो. मांडीवरचा एक वार माणसाला दवाखान्यात पोचेपर्यंत संपवू शकतो, अन् तो वार कुणाचा बसला हे भांडण संपल्यावरच कळतं. धोका वाटला तर पळा, ओरडा, ११२ ला फोन लावा. हे ऐकायला भारी वाटत नाही, पण दुसऱ्या दिवशी घरी असता.

कायद्याचंही ऐका. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. "मग माझा तीन इंचाचा चालतो," असं म्हणून लगेच खुश होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्चाला, निवडणुकीला जिल्ह्यात मनाई आदेश लागतो, त्यात चाकू अन् काठ्यासुद्धा येतात. पातं किती इंची हे तेव्हा कुणी मोजत बसत नाही. उरुसात, जत्रेत, मिरवणुकीत चाकू घरी ठेवा. मे २०१८ मध्ये औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, पोलिसांनी ऑनलाइन मागवलेल्या तलवारी अन् चाकू जप्त केले होते. पार्सल घरी आलं म्हणजे ते कायदेशीर झालं, असं नसतं.

अन् रील. तलवारीनं केक कापायचा, चाकू फिरवत डायलॉग मारायचा. अशा व्हिडिओंवरून राज्यात कितीतरी पोरांवर गुन्हे दाखल झालेत. पोलीस भरतीची तयारी करणारे आपल्यात कितीजण आहेत, मला माहीत आहे. भरतीच्या आधी चारित्र्य पडताळणी होते. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओपायी दोन वर्षांचं रनिंग वाया घालवू नका.

तर मंडळी, चाकू घ्यायचा तर आधी ठरवा, कापायचं काय आहे. कासरा, पोतं, नळी, साल, फळ, जे असेल ते. उत्तर सापडलं तर चाकूही सापडेल. उत्तरच नसेल तर पैसे वाचले.

तुमच्या घरात आजोबांचा जुना चाकू, अडकित्ता, विळा असेल तर त्याचा फोटो पाठवा, अन् तो कुणी बनवला तेही विचारून लिहा. पुढच्या भागात धार लावण्यावर बोलू. कुठला दगड, किती कोन, अन् खुरप्याला कानस कशी लावायची. तोपर्यंत बोटं सांभाळा. भेटू.