ओळख नसताना लिहिलेले पत्र



कलाक्षेत्रात पुढे कसे यावे, यावर बोलण्यास संस्थेने आम्हाला सांगितले. आम्ही बँकेतले कारकून. कलेशी आमचा संबंध बी. ए. च्या पदवीपुरता. म्हणून आमच्या रोजच्या विषयावरच, म्हणजे अर्जावर बोलतो.

आम्ही नोकरीस लागलो तेव्हा खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराची ओळखीची सही लागे. ज्याच्या वस्तीत कोणाचेच खाते नाही तो फॉर्म हातात धरून काउंटरपाशी उभाच राही. आता कागदपत्रांवर खाते उघडते. पण आपली चित्रे काढणारी, पटकथा लिहिणारी मुले अजून तशीच उभी आहेत. संपादकांना, दिग्दर्शकांना ई-मेल का करत नाहीस, असे विचारले की उत्तर ठरलेले, "काका, ओळख नाही." आणि मग हळूच, "आडनाव वाचून बाजूला टाकतील." तसे होतही असेल. पण सगळीकडेच होते का, हे पाठवल्याशिवाय कळणार कसे?

1902 साली ऑस्ट्रियातील एका लष्करी अकादमीतल्या फ्रान्त्स काप्पुस या विशीही न गाठलेल्या मुलाने रिल्के या कवीला पत्र लिहून आपल्या कविता पाठवल्या. ओळख नव्हती. धागा एवढाच, की रिल्केही लहानपणी लष्करी शाळेत होते, हे त्याला एका शिक्षकाकडून कळले होते. कित्येक आठवड्यांनी, फेब्रुवारी 1903 मध्ये, पॅरिसहून उत्तर आले. त्यात शिफारस नव्हती. कवितांना स्वतःचा बाज नाही, असे स्पष्ट लिहिले होते. तरी पत्रव्यवहार 1908 पर्यंत चालला. रिल्के वारल्यावर, 1929 मध्ये, काप्पुसने ती दहा पत्रे पुस्तकरूपाने काढली. काप्पुस स्वतः मोठा कवी झाला नाही, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे उदाहरण लँग्स्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीचे. 1925 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉटेलात तो टेबलावरची भांडी उचलत असे. तिथे जेवायला आलेल्या व्हॅचल लिंडसे या कवीच्या ताटाशेजारी त्याने आपल्या तीन कविता ठेवल्या. लिंडसेंनी त्याच रात्री त्या श्रोत्यांना वाचून दाखवल्या. मात्र 1921 पासूनच ह्यूजच्या कविता 'द क्रायसिस' मासिकात छापून येत होत्या, हे गोष्ट सांगणारे बहुधा विसरतात.

आम्हीही कॉलेजात असताना एका संपादकांना पत्र लिहिले होते, चांगले नऊ पानी! बालपण, गरिबी, सगळे त्यात होते. आम्हाला काय हवे ते आठव्या पानावर. उत्तर आले नाही आणि आम्ही लिहिणेच सोडले. पुढे बँकेत आमच्याच टेबलावर अर्ज येऊ लागले तेव्हा उमजले. पहिल्या दोन ओळींत खाते नंबर आणि मागणी असेल तो अर्ज आधी निघतो. बाकीचे ढिगात खाली जातात, दुष्टाव्याने नव्हे, वेळेअभावी.

वस्तीतल्या एका मुलीने गेल्या वर्षी चाळीस प्रकाशकांना एकच ई-मेल पाठवला. 'आदरणीय महोदय', सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसताहेत, आणि पंधरा चित्रांची जड फाइल. एकाचेही उत्तर नाही. मग आम्ही दोघे एका रविवारी बसलो. ज्यांची पुस्तके तिने ग्रंथालयात खरोखर पाहिली होती असे पाचच प्रकाशक निवडले. प्रत्येकाला वेगळे पत्र. आरंभी त्यांच्या कोणत्या पुस्तकातले कोणते चित्र आवडले ते. मग स्वतःविषयी दोन ओळी, तीन चित्रांची लिंक, आणि एका ओळीत उत्तर देता येईल असा एकच प्रश्न. 'काम द्या' नव्हे; 'नमुने कोणाकडे पाठवावेत?' पंधरा दिवसांनी एकदाच आठवण द्यायची, असेही ठरले. शेवटी तिने विचारले, "आडनाव लिहू का?" आम्ही म्हणालो, "तुझं तू ठरव." तिने पूर्ण नाव लिहिले.

दोघांची उत्तरे आली. एकाकडे सध्या काम नव्हते. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी लिहिले, हातांची बोटे कच्ची आहेत, सुधारून पुन्हा दाखवा. तेव्हापासून ती आमच्या शाखेत येते आणि बाकावर बसून नोटा मोजणाऱ्यांचे हात काढते.

दर रविवारी सकाळी आम्ही याच सभागृहात बसतो. ज्यांना असे पत्र लिहायचे आहे त्यांनी कच्चा खर्डा घेऊन यावे. नऊ पानी असला तरी चालेल.